दारावरची कमान आणि तिच्यातली काच

बेळगावच्या टिळकवाडीतला एखादा जुना बंगला पाडायला काढला की सगळ्यांत आधी दारे-खिडक्या उतरवतात. सागवानाला गिऱ्हाईक लगेच मिळते. पितळी कड्या नि बिजागऱ्या वजनावर जातात. दारावरच्या अर्धगोल कमानीतली काच उतरवताना फुटली तर मात्र कोणाला फारशी हळहळ वाटत नाही. काच काय, दुकानातून आणली आणि बसवली, असाच सगळ्यांचा समज असतो. मला हे अगदी उलटे वाटते. चांगला सुतार तसे दार आजही घडवून देईल, सागवान महाग पडेल इतकेच. त्या कमानीतली काच मात्र आपल्याकडे आता बनत नाही. जुन्या दाराचे किंवा काचेच्या कपाटाचे वय, त्याचे मूळ, त्याच्यावर झालेल्या दुरुस्त्या यांची सगळ्यांत खरी साक्ष काचच देते.

आधी ही कमान तिथे का आली ते पाहू. बेळगावचा पाऊस कोकणाइतका नसला तरी साधा नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत. जून ते सप्टेंबर भिंती ओल्याच. म्हणून जुन्या घरांना मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर आणि पुढे खोल पडवी. छप्पर इतके खाली उतरते की पावसाचा झोत भिंतीला लागत नाही. पण त्याच छपरामुळे उजेडही अडतो. समोरची खोली कशीबशी उजळते, माजघरात भर दुपारी दिवा लावायची वेळ येते. दार उघडे ठेवावे तर ओली हवा आत, बंद ठेवावे तर अंधार. दाराच्या डोक्यावर काचेची कमान ठेवली की दार बंद असतानाही उजेड आत येतो. तोही वरून, खोलीच्या पार मागच्या भिंतीपर्यंत. एका खोलीचा उजेड दुसऱ्या खोलीला उसना द्यायचा असेल तर आतल्या दारांवरही अशीच कमान.

कमानीचे दुसरे कारण दगडात आहे. या भागात बांधकामाला जांभा मुबलक. जांभा दाब चांगला सोसतो, पण आडवा टाकून वर भार दिला तर मधोमध तडकतो. दारावर आडवा जांभा चालत नाही. लाकडाची जाड तुळई टाकावी लागते किंवा कमान करावी लागते. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबत राहतो आणि भार बाजूच्या भिंतींत उतरतो. म्हणजे भिंतीला कमान हवीच होती. तिच्या पोटातली अर्धगोल जागा विटांनी भरून टाकायची की तिथे काच बसवायची, एवढाच प्रश्न उरत होता. बेळगावच्या कॅम्पातले सेंट मेरी चर्च १८६९ सालचे. तिथल्या कमानी टोकदार आहेत, इंग्रजी देवळांच्या गॉथिक घाटाच्या. घरगुती बांधकामात हे टोक फारसे रुजले नाही. तिथे अर्धगोल, नाहीतर त्याहून चपटी कमानच चालली, कारण ती गवंड्याला सोपी आणि सुताराला तर फारच सोपी.

सुताराला सोपी म्हटले तरी लाकडात गोलाई आणणे हे कसबाचे काम आहे. एका रुंद फळीतून अख्खी अर्धगोल पट्टी कापली तर दोन्ही टोकांना लाकडाचे रेषे आडवे येतात आणि तिथेच ती पट्टी मोडते. म्हणून जाणता सुतार कमानीची चौकट तीन किंवा पाच तुकड्यांत करतो. प्रत्येक तुकड्याचे रेषे शक्य तितके गोलाईच्या दिशेने ठेवतो आणि तुकडे कुसू-खाचेने जोडतो. जुनी कमान जवळून पाहिली तर रंगाखालीही हे सांधे दिसतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि रंगात बरोबर सांध्यावर केसासारखी चीर पडते. ही चीर म्हणजे दोष नव्हे. ती दिसली की समजावे, काम हाताचे आहे आणि करणाऱ्याला लाकूड कळत होते. मधल्या भागात उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या पट्ट्या निघतात, त्यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराच्या काचा. या पट्ट्या शोभेच्या खऱ्या, पण मुळात त्या गरजेतून आल्या. मोठी सलग काच महाग होती आणि वाटेत फुटायची. छोट्या तुकड्यांत एक फुटला तरी एकच बदलावा लागे.

ही काच आली कुठून? घाट उतरून गोव्यात गेलो तर जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेआधीची सोय अजून दिसते. लाकडी चौकटींत बसवलेले चपट्या शिंपल्यांचे पातळ तुकडे. त्यांतून आरपार दिसत नाही, पण दुधाळ, थंड उजेड येतो. आपल्याकडच्या वाड्यांत तेही नव्हते; लाकडी झडपा, गज आणि जाळी यांवर भागत असे. सपाट काच सामान्य मराठी घरात शिरली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आगबोटी आणि रेल्वे आल्यावर. ती बव्हंशी परदेशी होती, आणि त्या काळी खिडकीची काच जगभर निर्यात करणारा मोठा देश म्हणजे बेल्जियम. तिथल्या शार्लरुआ शहराभोवती काचेचे कारखाने दाटीने उभे होते.

तिथे काच कशी करत हे समजले की जुनी काच ओळखता येते. भट्टीतला वितळलेला गोळा लांब नळीच्या टोकावर घ्यायचा, फुंकायचा आणि खड्ड्यावर उभे राहून नळी झोक्यासारखी हलवत त्या फुग्याचा लांब नळकांडा करायचा. दोन्ही टोके कापायची, नळकांडा उभा चिरायचा, दुसऱ्या भट्टीत पुन्हा मऊ करायचा आणि लाकडी ठोकळ्याने दाबून उलगडून सपाट करायचा. आता नळकांड्याचा बाहेरचा घेर आतल्यापेक्षा मोठा असतो. तो सपाट करताना जादा पृष्ठभाग कुठेतरी जिरवावाच लागतो, आणि तो लाटांच्या रूपाने काचेत राहतो. वितळलेल्या काचेत अडकलेले हवेचे बुडबुडेही नळकांड्याच्या लांबीच्या दिशेने ताणले जातात. अशा तावदानातून समोरच्या झाडाकडे पाहत डोके हळूच डावी-उजवीकडे हलवावे. झाडाचे खोड सरळ राहत नाही, पाण्यात पाहावे तसे वाकते आणि पुन्हा सरळ होते. बुडबुडे बारीक, लांबट, सगळे एकाच दिशेने झोपलेले. माणसाने फुंकलेल्या काचेची ही खूण आहे.

टिळकवाडीला ज्यांचे नाव आहे त्या लोकमान्यांचा काचेशी जवळचा संबंध होता. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि टिळकांनी त्याला पाठबळ दिले. त्या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचतंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे त्याची तांत्रिक धुरा होती. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली आणि त्याच १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. पुढे त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला. या दोन्ही कारखान्यांत मुख्यतः फुंकीव माल होत असे: चिमण्या, बरण्या, बाटल्या. खिडकीची सपाट काच हा निराळा, फार मोठ्या भांडवलाचा धंदा. त्यामुळे त्या काळच्या एकाच खोलीत कंदिलाची काच स्वदेशी आणि डोक्यावरच्या कमानीतली काच परदेशी, असे चित्र असू शकत होते. स्वदेशीचा आग्रह असलेल्या घरातही कमानीपुरती तडजोड करावीच लागत असे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीने बेल्जियमवर आक्रमण केले आणि तिकडून येणारी काच आटली. ती जागा जपानी मालाने घेतली. त्याच सुमारास बेल्जियममध्येच एमिल फूर्को यांची पद्धत कारखान्यात उतरली होती. वितळलेल्या काचेतून एका लांबट फटीवाटे काचेचा सलग पत्रा यंत्राने सरळ वर ओढायचा. फुंकणारा माणूस गेला, नळकांडा गेला. लाटा मात्र गेल्या नाहीत; फक्त त्यांचे रूप बदलले. ओढलेल्या काचेत त्या एकमेकींना समांतर, शिस्तीत चाललेल्या असतात. भारतात सपाट काचेचे कारखाने निघाले, तिथेही बराच काळ अशीच ओढून काढलेली काच बनत होती. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती आरशासारखी सपाट करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये अॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी १९५९ साली जाहीर केली. आपल्याकडे ही फ्लोट काच बनू लागली ती १९९० च्या दशकात, पनवेलजवळच्या तळोज्यात आणि गुजरातेत.

हा इतिहास मुद्दाम सविस्तर सांगितला, कारण जुन्या वस्तूंच्या बाजारात सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. मुंबईचा चोर बाजार असो की रस्त्यालगतचे जुन्या लाकूडसामानाचे दुकान, लाटा असलेली कोणतीही काच ‘बेल्जियम काच’ म्हणून दाखवली जाते. लाटा दिसल्या म्हणजे काच बेल्जियमची, असे बिलकूल नाही. १९७० साली भारतात ओढलेल्या काचेतही लाटा आहेतच. समांतर लाटा असतील तर ती विसाव्या शतकातली यंत्राची काच. देश कोणताही असू शकेल. वेड्यावाकड्या लाटा आणि लांबट बुडबुडे असतील तर फुंकीव नळकांड्याची, म्हणजे बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आधीची किंवा त्याच्या आसपासची. आणि प्रतिबिंब अगदी सरळ असेल तर ती काच बहुधा अलीकडे बदललेली आहे, दुकानदार काहीही सांगो. खिडकीत उभे राहून नळीदिव्याचे प्रतिबिंब काचेत पाहावे. नळी सरळ दिसते की सापासारखी, यावरून अर्धे उत्तर मिळते.

आणखी एक समज सगळीकडे ऐकू येतो. काच हा फार सावकाश वाहणारा द्रव आहे आणि म्हणून जुन्या तावदानाची खालची कड जाड झालेली असते. हे खरे नाही. खोलीच्या तापमानाला काच शंभर काय, हजार वर्षांतही डोळ्याला दिसेल इतकी वाहत नाही. जुन्या पद्धतीत पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा निघतच नसे. बसवणाऱ्याने जड कड खाली ठेवली तर ती खाली दिसते, बाजूला ठेवली तर बाजूला.

रंगीत कमानी हा वेगळाच आनंद आहे. निळा रंग कोबाल्टचा, आणि तो इतका जोरदार की अगदी चिमूटभर पुरतो. हिरवा लोखंडाचा किंवा क्रोमियमचा. लाल सर्वांत अवघड. तो तांब्यापासून, सोन्यापासून किंवा पुढे सेलेनियमपासून काढत. तांब्याची लाल काच पूर्ण जाडीची केली तर काळी दिसते. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पापुद्र्याइतका थर चढवत. लाल तावदानाचा तुकडा कधी तुटलेला हाती आला तर त्याची कड पाहावी. सगळी जाडी फिकट हिरवट-पांढरी आणि एका बाजूला लाल रेघ. त्या एका रेघेतून अख्ख्या ओसरीवर तांबडा उजेड पडत असतो. आज दुकानात मिळणाऱ्या लाल काचांमध्ये वरून रंग किंवा फिल्म लावलेल्या पुष्कळ असतात. खऱ्या काचेचा रंग उन्हाने उडत नाही, फिल्मचा उडतो.

रंगीत काच आणि कमान यांचा या प्रदेशातला सर्वांत मोठा नमुना पाहायचा तर निपाणीवरून पुढे कोल्हापूर गाठावे. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ या काळात उभ्या राहिलेल्या नव्या राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कमानींतल्या काचांवर शिवचरित्रातले प्रसंग रंगवलेले आहेत. युरोपातल्या चर्चमध्ये या तंत्राने संतचरित्रे सांगितली जात. इथे त्याच तंत्राने महाराज आले. राजवाड्यातली चित्रकाच मध्यमवर्गाला परवडणारी नव्हती, पण लाल-निळ्या-पिवळ्या साध्या तुकड्यांची कमान परवडत होती. दिवाणखान्यात येणाऱ्या पाहुण्याला उंबऱ्यावरच घराची ऐपत आणि हौस दोन्ही दिसावी, ही त्यामागची इच्छा मला फार माणुसकीची वाटते.

तीच हौस काचेच्या कपाटांत दिसते. पूर्वी मौल्यवान वस्तू फडताळात, पेटाऱ्यात, म्हणजे डोळ्याआड असत. काचेच्या दाराने वस्तू कुलपात ठेवूनही दाखवायची सोय केली. चांदीची ताटे, चिनीमातीचा चहाचा संच, मुलाने मिळवलेली ढाल. वाचनालयांत तर या कपाटांनी मोठे काम केले. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, म्हणजे मराठी मुलुखातल्या जुन्या ग्रंथालयांपैकी एक. जुन्या वाचनालयांत वाचकाला कपाट उघडायची मुभा नसे. तो काचेतून पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचे आणि मागणी करी. पुस्तके धुळीपासून वाचत आणि दिसतही राहत. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत १८७२ साली खुली झाली. तिचे जीर्णोद्धाराचे काम नावाजले गेले आणि २००५ साली त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. लाकडी काचकपाटांचा तो काळ कसा दिसत होता हे तिथे जाऊन पाहण्यासारखे आहे.

पण आपल्या हवेत बंद काचकपाटाला एक धोका आहे आणि तो बेळगावकरांना चांगला ठाऊक असतो. पावसाळ्यात आतली हवा कोंडते, दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि पुस्तकांच्या पाठींवर हिरवट ठिपके उमटतात. कपाट भिंतीला टेकवू नये, मागे चार बोटे जागा ठेवावी. उघडीप मिळेल त्या दिवशी दारे सताड उघडावीत. जुन्या कपाटांच्या फळ्यांना मागच्या बाजूला बारीक भोके किंवा फट दिसते, ती हवा खेळण्यासाठी असते. दुरुस्तीत ती बुजवली जाते आणि मग कपाटाला वास येतो म्हणून तक्रार होते.

विकत घेताना काचेबरोबर लाकडाची उलटी बाजू पाहावी. दर्शनी बाजू कोणीही जुनी करू शकतो. खणाचा तळ, कपाटाची पाठ, दाराची वरची कड, जिथे पॉलिशचा हात पोचत नाही तिथे खरे वय असते. बिजागरी काढलेल्या जागी आधीच्या बिजागरीची खाच आहे का, कुलूप बदलल्याची बुजवलेली भोके आहेत का, हे तपासावे. शंभर वर्षे वापरलेल्या दारावर अशा खुणा नसतील तर शंका घ्यावी. वयाचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या वर्षी घडवलेल्या कपाटाने आता शंभरी पार केली आहे. परदेशातल्या मुलाकडे आजोबांचे कोरीव कपाट पाठवायचा बेत असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

दुरुस्तीचे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण जुन्या काचा दगडाने फुटतात त्याहून जास्त दुरुस्तीत फुटतात. काच चौकटीत बारीक चुकांनी अडकवलेली असते आणि वर लांबी भरलेली असते. ही लांबी खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेली. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि पन्नास वर्षांत दगड बनते. ती छिन्नीने ठोकून काढली की काच तडकलीच. मंद उष्णता देऊन ती मऊ करावी आणि पातळ पात्याने हळूहळू सोलावी. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी, म्हणून तो कोरडा घासू नये. पाणी मारून घासावा, नाका-तोंडाला धूळ अडवणारा मास्क लावावा, मुलांना दूर ठेवावे. तेलाचे बोळे गुंडाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप पेट घेतात. ते उघड्यावर पसरून वाळवावेत.

कमानीतला एखादाच तुकडा फुटला असेल तर सगळी कमान नव्या काचेने भरायची घाई करू नये. पाडकामातून आलेली जुनी काच भंगारवाल्याकडे मागितली तर कित्येकदा मिळते. पुठ्ठ्याचा साचा आधी चौकटीत बसवून पाहावा आणि काच चारी बाजूंनी साच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर लहान कापावी; पावसाळ्यात फुगलेले लाकूड घट्ट बसलेली काच तडकवते. हिरकणीने एकदाच, न थांबता रेघ ओढावी आणि लगेच तोडावी. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा हिरकणी फिरवली की काच भलतीकडे जाते. जुन्या काचेला हा नियम जास्तच लागू आहे. जमिनीलगतच्या दारात, जिथे मुले धावतात तिथे, जुनी काच ठेवायचीच असेल तर आतून सुरक्षा फिल्म लावावी. साधी काच फुटली की तिच्या सुऱ्या होतात, आणि चौकटीत बसवलेली जुनी काच नंतर कडक करून घेता येत नाही.

काचा उतरवल्यावर प्रत्येकीवर खडूने क्रमांक घालावा आणि कमानीच्या रेखाचित्रावर तोच क्रमांक लिहावा. पाचरी सारख्या दिसतात, पण हाताने केलेल्या चौकटीत दोन पाचरी कधीच सारख्या नसतात. मधे कागद घालून काचा उभ्या ठेवाव्यात, कोरड्या जागी. ओल्या गोणपाटात एकावर एक आडव्या रचल्या तर पाणी काचेतला क्षार ओढून घेते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांच्यावर दुधी डाग बसतात. ते डाग मग सहजासहजी जात नाहीत.